‘मेक अप’ आणि मी

आमच्या गावात इंग्रजी शब्दांना तोटा नाही. स्टार्टर आहे, फ्यूज आहे, पाइपलाइन आहे, ट्रॅक्टरची ट्रॉली आहे. हे सारे शब्द परके आहेत असे माझ्या आजीला सांगितले, तर ती माझ्याच शिक्षणाविषयी शंका घेईल. ‘मोटर जळाली का फ्यूज गेला ते आधी बघा’ हे वाक्य ती ज्या थाटात म्हणते तो थाट अस्सल मराठीच आहे. अशा घरोब्याच्या शब्दांपैकीच एक म्हणजे ‘मेकअप’. गावात त्याचा अर्थ एकच. पावडर, लिपस्टिक आणि त्यांच्या मागोमाग येणारा संशय!

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी एस.टी. गाठायला निघाले, तेव्हा समोरच्या ओट्यावरून एक काकू म्हणाल्या, “झाला का गं मेकअप?” मी तोंडाला पाण्याखेरीज काहीही लावलेले नव्हते. आई चपापली. ताई त्या वेळी माहेरपणाला आलेली होती. ती दारातूनच हसत म्हणाली, “काकू, तुमच्यापुरती पावडर ठेवलीय हो शिल्लक!” काकू आत गेल्या. ताई अशी आहे. तिचा उल्लेख येथे मुद्दाम केला. कारण ही हकिगत जितकी एका इंग्रजी क्रियापदाची आहे तितकीच ताईचीही आहे. पण आधी क्रियापद.

यंदा जुलै महिन्यात इंग्रजीच्या तासाला मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिले : ‘द ट्रेन वॉज लेट, बट द ड्रायव्हर मेड अप द टाइम.’ भाषांतरासाठी नेमकी मला उभी केली. वाक्य बघून मला धीर आला. ट्रेन ठाऊक, ‘लेट’ तर आमच्या एस.टी.मुळे रोजच्या परिचयाचा, ड्रायव्हर ठाऊक, टाइम ठाऊक आणि मेकअप तर गावानेच शिकवलेला. मी ठणठणीत आवाजात सांगितले, “गाडीला उशीर झाला होता, पण ड्रायव्हरने वेळेला नटवले.”

पुढे वर्गात जे हसणे झाले त्याचे वर्णन मी करीत नाही. हसणारे हा अंक वाचणारच आहेत. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “भाषांतर चुकलं, पण चुकीला कारण आहे. सोमवारपर्यंत या दोन शब्दांचे मिळतील तेवढे अर्थ लिहून आण.” मला ती शिक्षाच वाटली. हसले ते सुटले आणि चुकले ती अडकले, असे मनाशी म्हणत मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात जाऊन बसले.

तेथला जाडजूड इंग्रजी कोश घरी नेता येत नाही. त्यामुळे शनिवारची दुपार त्याच्यापुढे घालवावी लागली. ‘मेक’ हे क्रियापद कित्येक रकाने व्यापून बसले होते. त्याच्या शेवटाकडे ‘मेक अप’ सापडले आणि माझे डोळे विस्फारले. तोंड रंगवणे हा तर एक अर्थ होताच. पण मनाने गोष्ट रचून सांगणे म्हणजेही ‘मेक अप’. बहाणा रचला तरी ‘मेक अप’ आणि लहान मुलांना झोपवताना राजाराणीची कथा रचली तरी ‘मेक अप’! भांडण मिटवून पुन्हा बोलू लागणे हा तिसरा अर्थ. बुडालेला वेळ, झालेले नुकसान भरून काढणे हा चौथा, आणि तोच तर ड्रायव्हरने केला होता. अनेक भाग मिळून एक गोष्ट बनणे हा पाचवा. अकरा खेळाडू मिळून संघ बनतो, तेथे हेच क्रियापद. मनाशी पक्के ठरवणे हा सहावा. चिठ्ठीप्रमाणे औषध कालवून देणे सातवा, पाहुण्यासाठी अंथरूण तयार करणे आठवा, छापखान्यात पानाची मांडणी करणे नववा, कमी पडणारी रक्कम किंवा संख्या पुरी करणे दहावा आणि एखाद्याच्या मागे लागून लाडीगोडी लावणे अकरावा.

अकरा अर्थ! आणि शब्द किती? तर दोन, तेही चिमुकले. मला कौतुक वाटण्याऐवजी राग आला. प्रत्येक कामाला वेगळा शब्द ठेवायला या लोकांना काय झाले होते? आमच्यासारख्यांनी परीक्षेत नापास व्हावे म्हणूनच जणू ही योजना केली असावी, अशी माझी त्या दुपारी खात्री झाली.

सोमवारी वही दाखवली तेव्हा हा राग मी मॅडमना बोलून दाखवला. त्या म्हणाल्या, “तुझ्याआधी हे एका मोठ्या माणसाने म्हटलं आहे.” तो माणूस म्हणजे डॉ. सॅम्युएल जॉन्सन. त्याचा प्रसिद्ध इंग्रजी कोश 1755 साली निघाला. क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडून त्याचा अर्थ पालटण्याची इंग्रजीची जी खोड आहे, तिच्यामुळे परक्या माणसाची सर्वांत अधिक अडचण होते, असे त्याने त्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूल करून ठेवले आहे. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसून कोणीतरी माझी बाजू घेतली होती! अशा क्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र फार उशिरा मिळाले. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने 1925 साली आपल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले, आणि हे नाव ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचेही सांगितले. जॉन्सनने अडचण दाखवल्यापासून तिचे बारसे व्हायला एकशे सत्तर वर्षे लागली.

त्यानंतर मॅडमनी मला एक प्रश्न विचारला. “या अकरांत ‘अप’ काय काम करतो ते बघ. वर जाणं हा एकच अर्थ धरून बसू नकोस.”

घरी जाताना एस.टी.त मी त्याचाच विचार करीत होते. ‘ईट अप’ म्हणजे वर बघून खाणे नव्हे, ताटातले संपवून टाकणे. ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाकणे. ‘बर्न अप’ म्हणजे जळून खाक होणे. ‘फिल अप’ म्हणजे काठोकाठ भरणे. म्हणजे या ठिकाणी ‘अप’ हा दिशा दाखवीत नाही, तो काम पुरे झाल्याची खूण दाखवतो. मग मी वही उघडून अकरा अर्थ पुन्हा वाचले. रक्कम कमी पडते ती पुरी करायची. वेळ कमी पडतो तो पुरा करायचा. दोन माणसांमध्ये अंतर पडते ते बुजवायचे. मन अर्धे इकडे, अर्धे तिकडे असते ते एका ठिकाणी आणायचे. ‘मेकअप’ हा शब्द चेहऱ्याला चिकटला तो एकोणिसाव्या शतकातल्या नटमंडळींच्या बोलण्यातून. नटाला राजाचे सोंग घ्यायचे असते, पण चेहरा तर कारकुनाचा असतो. तेव्हा राजा व्हायला जेवढे कमी पडते तेवढे रंगाने पुरे करायचे. म्हणजे अकरा अर्थ अकरा दिशांना धावत नव्हते. अपुरे आहे ते पुरे करणे या एकाच खुंट्याला त्यांपैकी बहुतेक बांधलेले होते. लाडीगोडीचा अकरावा अर्थ काही केल्या त्या खुंट्याला बांधता येईना. त्याला मी मोकळा सोडून दिला.

आणखी एक मौज मला मॅडमकडून कळली. ‘कॉम्पेन्सेट’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘रिकन्साइल’, ‘इन्व्हेंट’ हे शब्द आम्हांला अवघड वाटत नाहीत. ते पाठ्यपुस्तकात येतात, त्यांचे स्पेलिंग आम्ही घोकतो आणि त्यांना एकेकच अर्थ असतो. हे शब्द मुळात लॅटिनचे, काही फ्रेंचमधून आलेले. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर कित्येक पिढ्या दरबाराची, मोठ्या लोकांची भाषा फ्रेंच राहिली. शेतात राबणारा माणूस मात्र आपले ‘मेक’, ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ आणि ‘अप’, ‘आउट’, ‘ऑन’ घेऊनच बोलत राहिला. म्हणजे इंग्लंडातल्या वाड्यावरचे शब्द आम्हांला येतात आणि तिथल्या शेतकऱ्याच्या पडवीतले येत नाहीत. शेतकऱ्याची मुलगी असून माझी अशी गत व्हावी, याचे मला फार नवल वाटले.

या विचारात मी घरी पोचले तेव्हा आजी ओसरीवर बसून आईशी बोलत होती. ती म्हणत होती, “भात खाली लागलाय बघ. माझा जरा डोळा लागला तेवढ्यात.” मी चपला काढता काढता थबकले. एका दमात दोनदा ‘लागणे’, आणि दोन्ही वेळा अर्थ निराळा! मी वही काढली आणि रात्री झोपेपर्यंत घरात जेवढे ‘लागणे’ ऐकू येईल तेवढे टिपायचे ठरवले.

काय सांगू! बाबांना ठेच लागली होती. दिवा लागला. मला भूक लागली. भाजीला मीठ कमी लागत होते. शेजारच्या पोराला नोकरी लागली होती आणि नोकरी लागताच त्याला वेडही लागल्याचे आईचे मत होते. मळ्यातल्या विहिरीला साठ फुटांवर पाणी लागले होते, कांद्याला भाव लागला नव्हता, भावकीतल्या खटल्याचा निकाल लागायचा होता. आत्याच्या मुलीला हळद लागणार होती. तिचा नवरा आमच्या आईचा कोण लागतो यावर पाऊण तास चर्चा झाली. कोणाला दृष्ट लागली, कोणाला ऊन लागले, कोणाचा फोन लागेना. एकाचे बोलणे दुसरीच्या मनाला लागले. बाळ चालू लागले आणि म्हाताऱ्याला जावे लागले. शिवाय आजीने सांगितले की, तिच्या थोरल्या भावाला लहानपणी बांधावर पान लागले होते. शहरातल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते, पान लागणे म्हणजे साप चावणे. सापाचे नाव घ्यायचे नाही म्हणून जुन्या माणसांनी केलेली ही सोय आहे. परक्या माणसाने ‘पान’ आणि ‘लागणे’ हे दोन्ही शब्द कोशात बघून भाषांतर केले, तर तो बिचारा औषधाऐवजी चुना-कात घेऊन धावेल!

एस.टी. स्टँडवर तर रोज कमाल होते. ‘गाडी लागली’ असे कोणी ओरडले की सगळे पिशव्या उचलून फलाटाकडे पळतात. मला ‘गाडी लागते’ म्हणजे मात्र मी लिंबू हुंगत बसते. गाडीही तीच आणि क्रियापदही तेच.

तीस अर्थ टिपल्यावर मी वही मिटली. इंग्रजांच्या अकरा अर्थांवर मी रागावले होते, आणि माझ्या घरात एका संध्याकाळी तीस अर्थ नांदत होते. मला ते कोणी शिकवले नव्हते. परीक्षेत कोणी विचारले नव्हते. ठेच लागली तेव्हा एक कळला, भूक लागली तेव्हा एक कळला. एकेका दिवसाने एकेक अर्थ आणून दिला, म्हणून त्यांचे ओझे कधी झाले नाही. इंग्रजीचे अर्थ तसे अंगावरून गेले नाहीत, एका शनिवारी कोशातून एकदम अंगावर आले. एवढाच काय तो फरक.

मराठीच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “आपण क्रियापदाला अव्यय जोडत नाही, दुसरं क्रियापद जोडतो. ‘लिहून’ घे आणि पुढे काय काय जोडता येतं बघ.” मी बघितले. ‘लिहून ठेव’ म्हणजे पुढे उपयोगी पडेल. ‘लिहून दे’ म्हणजे तुझ्या सहीने मला दे, आता शब्द फिरवू नकोस. ‘लिहून घे’ म्हणजे मी सांगतो ते तू टिप. ‘लिहून काढ’ म्हणजे सारे उतरव. ‘लिहून टाक’ म्हणजे एकदाचे संपव. आणि ‘लिहून बसलो’ असे कोणी म्हणाले की समजावे, त्याला पश्चात्ताप होतो आहे. लेखन एकच, पण हेतू, घाई, फायदा, पश्चात्ताप सारे त्या दुसऱ्या क्रियापदात साठवलेले.

आता माझ्या ड्रायव्हरचेच बघा. त्याने वेळ ‘भरून काढला’. हे अगदी सरळ मराठी. पण जरा परक्याच्या कानांनी ऐका. भरायचे की काढायचे? घागर भरली तर पाणी आत जाते आणि काढले तर बाहेर येते. मग भरून काढल्यावर घागरीत उरते काय? डॉ. जॉन्सन मराठी शिकायला बसले असते, तर आमच्याविषयीही त्यांना प्रस्तावनेत काहीतरी लिहावे लागले असते.

येथवर सारे आनंदाचे होते. आता जे लिहायचे आहे ते लिहायला जड जाते.

दिवाळीला ताई आली होती. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बारावीला तिला चौऱ्याहत्तर टक्के होते. मला पुढे एकसष्ट मिळाले. पण तिच्या वर्षी कांद्याला भाव लागला नाही आणि तिला स्थळ आले. “एकीला तरी शिकवू,” असे बाबा तेव्हा म्हणाले होते. ती ‘एक’ कोण हे दैवाने ठरवले, आणि ती मी निघाले. सासरी दोन वर्षे काढल्यावर ताईने तालुक्याला जाऊन ब्यूटी पार्लरचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि घराच्या पुढच्या खोलीत काम सुरू केले. दिवाळीत तिने मला मोबाइलवर आपल्या नव्या पाटीचा फोटो दाखवला. पाटी इंग्रजीत होती. रंगाऱ्याने ‘मेक’चे शेवटचे अक्षर खाल्ले होते आणि ‘मेक अप’चे ‘मॅक अप’ झाले होते.

मी हसले. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण मी वही आणून तिला अकराच्या अकरा अर्थ वाचून दाखवले. तिला सांगण्यासाठी नव्हे, मला येतात हे दाखवण्यासाठी. आणि शेवटी म्हणाले, “एवढे अर्थ असताना तू धरलास कोणता? तर तोंडं रंगवायचा!”

ताईने मोबाइल पदराला पुसला. मग शांतपणे म्हणाली, “तुला अकरा येतात. मला एकच येतो. पण त्या एकावर माझ्या पोरीचं दूध चालतं.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. फोन लागायचा, पण ती उचलायची नाही. उचललाच तर आईशी बोलायची. जुलैत जे हसणे मला इतके लागले होते, तेच हसणे मी ताईपर्यंत नेऊन पोचवले होते. तेही फुकट मिळालेल्या जागेवर बसून. कारण ती जागा मुळात ताईची होती. हे मला उशिरा कळले. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. कोशातला भांडण मिटवण्याचा तिसरा अर्थ मला तोंडपाठ होता, पण तो करायचा कसा हे कोशात दिलेले नव्हते.

जानेवारीच्या अखेरीस या वार्षिकाच्या कामासाठी आम्ही चार विद्यार्थी संपादक-सरांबरोबर छापखान्यात गेलो. आता सारे काम संगणकावर होते. पण तेथे एक वयस्क कामगार आहेत. ते पूर्वी खिळे जुळवीत असत. त्यांनी आम्हांला जुन्या दिवसांची हकिगत सांगितली. एकेक अक्षर खणातून उचलायचे, ओळ जुळवायची, मजकुराला सुतळी बांधायची, आणि मग शीर्षक, चित्र, मजकूर सारे चौकटीत बसवायचे. “त्याला आम्ही पान लावणं म्हणायचो. साहेबलोक मेकअप म्हणायचे,” ते म्हणाले. माझ्या वहीतला नववा अर्थ असा माझ्यापुढे चष्मा लावून उभा राहिला! मी विचारले, “आणि मजकूर कमी पडला तर?” ते म्हणाले, “मग पानपूरक टाकायचं. चार ओळींची कविता, एखादा विनोद. पण तो आपल्याकडचा नको, कोणाचा तरी मागून आणायचा. मागायला लाजला तर पान कोरं राहतं.”

ते छापखान्याविषयी बोलत होते. मी मात्र संध्याकाळी स्टँडवरून ताईला फोन केला. तो तिने उचलला. मी म्हणाले, “ताई, चुकले मी.” पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “रविवारी एक लग्न आहे. पहाटे चारला जायचंय. पिना धरायला माणूस पाहिजे. येतेस का?”

मी शनिवारीच गेले. पहाटे लग्नघरी पोचलो तेव्हा नवरी भिंतीला टेकून बसली होती. हळदीचे जागरण झालेले, रात्रभर रडून डोळे सुजलेले, ओठ कोरडे. माझी कल्पना होती की, ताई डबे उघडील आणि रंगवायला घेईल. तिने आधी नवरीला कपभर चहा पाजला. मग रुमालात बर्फ घेऊन पंधरा मिनिटे तिच्या डोळ्यांवर हलक्या हाताने फिरवला. तेवढ्या वेळात तिने नवरीला सासरची माणसे विचारली आणि एकदा हसवलेही. त्यानंतर डबे उघडले. मी पिना धरून उभी होते. अर्ध्या तासाने त्या मुलीचा चेहरा परत आला. कोणा दुसरीचा नाही, तिचाच, निजून उठल्यासारखा. मी हळूच म्हणाले, “एवढंच? आणखी नाही लावायचं?” ताई म्हणाली, “जेवढं कमी पडलंय तेवढंच लावायचं. जास्त लावलं की सोंग दिसतं.”

कोशाने मला हे इतके नीट सांगितले नव्हते.

दुपारी ती मला स्टँडवर पोचवायला आली. गाडीला वेळ होता. ती म्हणाली, “ते अकरा सांग बघू आता. आणि हसू नकोस.” मी एकेक सांगत गेले आणि ती प्रत्येकाला मराठी देत गेली. रचून सांगणे म्हटल्यावर म्हणाली, “थापा.” मनाशी ठरवणे म्हटल्यावर म्हणाली, “मनाचा हिय्या करणे.” भांडण मिटवणे म्हटल्यावर तिने करंगळी बाजूला ठेवून दोन बोटे पुढे केली आणि म्हणाली, “बट्टी.” लहानपणी कट्टी केल्यावर आम्ही असेच करीत असू. मीही दोन बोटे लावली.

भरून काढण्यापाशी आल्यावर मात्र ती थांबली. “माझं कॉलेज काही यातनं भरून निघायचं नाही,” ती म्हणाली. “तू शिकलीस म्हणून माझं झालं, असं मला म्हणता येत नाही. लोक म्हणतात. मला येत नाही.” मी काही बोलले नाही. ती रागाने बोलली नव्हती; हिशोब सांगावा तसे बोलली होती. काही वेळाने मी तिला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाविषयी सांगितले. 1989 साली ते सुरू झाले, घरी राहून, काम करून तेथे बी.ए. करता येते, आणि ताई तर बारावी पास आहे. तिने फी विचारली. पुस्तके मिळतात का, परीक्षा कोठे असते, तेही विचारले. मग म्हणाली, “लग्नाचा सीझन संपू दे. मग बघू.”

छापखान्यातून निरोप आला की, शेवटचा फर्मा पुरा व्हायला चार पाने कमी पडत आहेत. संपादक-सरांनी मला लिहायला सांगितले. ताईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “लिही, पण पाटीचं पण लिही. आता नीट करून घेतलीय.” म्हणून हे लिहून दिले आहे.

त्या दुपारचे थोडे राहिले. आम्ही बोलत होतो तेवढ्यात कोणीतरी ओरडले, “गाडी लागली!” सगळे पिशव्या उचलून पळाले. मला गाडी लागते हे ताईला ठाऊक आहे. ती माझ्या आधी धावली आणि खिडकीतून रुमाल टाकून तिने मला जागा धरून दिली.